भाड्याने दिलेल्या घराची जुनी ड्रेनेज लाइन: बदलायची की डागडुजीवर भागवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठा, एरंडवणे, कोथरूड, नाशिकचा जुना भाग, सांगली-कोल्हापूरकडची बंगल्यांची उपनगरं. इथली १९६० ते १९८५च्या काळातली बरीच घरं आज भाड्याने आहेत. वर मालक आणि खाली दोन बिऱ्हाडं, किंवा मालक परगावी आणि सगळं घर विद्यार्थ्यांकडे. रंग नवा, टाइल्स नव्या, बाथरूमला गीझर. अंगणाखालची सांडपाण्याची लाइन मात्र मूळ बांधकामाच्या वेळचीच. ती वरचेवर तुंबायला लागली की मालक आणि भाडेकरू दोघेही तेच ते प्रश्न विचारतात. जुन्या घरांच्या ड्रेनेजची कामं करताना त्यांची जी उत्तरं मी देतो, ती इथे लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो: लाइनच्या वयावरून निर्णय घेऊ नका, आत बघून घ्या. आणि बघायला उशीर करू नका, कारण तुमच्या उशिराची घाण दुसऱ्या कुणाच्या तरी मोरीत वर येत असते.

लाइन चाळीस-पन्नास वर्षांची झाली. आता बदलायलाच हवी ना?

तसं काही नाही. त्या काळात बहुतेक घरांना चिनी मातीच्या, म्हणजे स्टोनवेअरच्या पाइप टाकल्या जायच्या. वरून तपकिरी, चकचकीत, एका टोकाला कॉलर. ही भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, आम्लाने खाल्ली जात नाही. पन्नास वर्षं जमिनीत राहिलेली पाइप काढून धुतली तर आतून नव्यासारखी निघते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

खराब होतात ते सांधे. ही पाइप साधारण दोन फुटांच्या तुकड्यांत यायची. म्हणजे बारा मीटर लाइनमध्ये वीसेक सांधे, आणि प्रत्येक सांधा सुतळी व सिमेंटने भरलेला. जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दर वर्षी थोडी थोडी हालचाल. पाइप ताठ, सांधाही ताठ, मग सिमेंटला बारीक चीर जाते. चिरेतून पाणी झिरपतं, ओलाव्याच्या मागावर मुळं येतात. पिंपळ, उंबर, वड, रबराचं झाड यांची मुळं केसाएवढी बारीक होऊन आत शिरतात आणि आत गेल्यावर शेपटीसारखा झुबका वाढवतात.

मुरुमावर बसलेली, झाडांपासून दूर असलेली, नीट उतारात टाकलेली स्टोनवेअरची लाइन अजून कितीतरी वर्षं चालेल. काळ्या मातीतली, उंबराखालून गेलेली पंचवीस वर्षांतच संपते.

सिमेंटच्या पाइपची गोष्ट वेगळी. मैल्यातून निघणारा वायू पाइपच्या वरच्या अंगाला ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो आणि छत खात जातो. खालून पाइप शाबूत दिसते, वरून कागदासारखी झालेली असते. बिडाची पाइप आतून गंजून अरुंद होते.

महिन्यातून एकदा तरी तुंबतं. म्हणजे लाइन गेली का?

आधी कुठे तुंबतं ते बघा. एकाच संडासाचं पाणी उतरत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर दोष त्या भांड्याच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात) किंवा चेंबरपर्यंतच्या छोट्या फाट्यात आहे. अंगण खणायची गरज नाही. वरच्या मजल्यावर कुणी कपडे धुतले की खालच्या बिऱ्हाडाच्या नहाणी ट्रॅपमधून फेस वर येतो, किंवा सगळ्याच मोऱ्यांचं पाणी हळू उतरतं, तेव्हा मुख्य लाइन अडलेली असते.

किती दिवसांनी तुंबतं याचीही नोंद ठेवा. सहा महिन्यांनी, मग तीन, मग दीड, असं अंतर कमी होत असेल तर आत काहीतरी वाढतं आहे. बहुधा मुळं. वर्षानुवर्षं अंतर सारखंच असेल तर उताराचा दोष किंवा खचलेला भाग असण्याची शक्यता जास्त. तिथे गाळ साठायला ठरावीक वेळ लागतो. एरवी कधी नाही आणि एकदाच तुंबलं, तर बहुतेक वेळा कापड, डायपर किंवा सॅनिटरी पॅड निघतं.

चेंबर उघडून मला स्वतःला काय कळेल?

बरंच काही. सकाळी घरातल्या आंघोळी सुरू व्हायच्या आधी सगळी चेंबर उघडा. झाकण काढल्यावर थोडा वेळ बाजूला उभं राहा, लगेच वाकून नाक लावू नका. मग वरच्या चेंबरपासून खालच्यापर्यंत ओळीने बघत जा.

वरचं भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. सगळी भरलेली असतील, अगदी रस्त्याजवळचं शेवटचंसुद्धा, तर आधी महापालिकेचं चेंबर बघायला हवं. चेंबरच्या भिंतीवर काळसर पट्टा किती उंचीवर आहे ते पाहा. पाणी कुठवर चढून थांबतं ते त्यावरून कळतं. तळातल्या अर्धगोल नाळीत लाल-काळी माती किंवा खडी सापडली तर कान टवकारा. संडासातून माती येत नाही. ती येते म्हणजे कुठेतरी पाइप फुटली आहे आणि बाहेरची जमीन आत ढासळते आहे. अंगणातली फरशी एका रेषेत खचत असेल तर दोन्ही खुणा जुळतात, आणि मग फार विचार करायचं कारण उरत नाही.

शेवटी कुणाला तरी वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी एकदम ओतायला सांगा आणि खालच्या चेंबरजवळ उभे राहा. पाणी जोरात यावं आणि लगेच संपावं. बराच वेळ बारीक धार येत राहिली तर मधे पाइप खचून तिला पोट आलं आहे आणि तिथे पाणी साठतं आहे. ओतलेल्या मानाने फारच कमी आलं तर ते जमिनीत जातं आहे.

कॅमेरा घालून तपासणी करावी का? उगाच खर्च वाटतो.

पूर्ण लाइन बदलायच्या विचारात असाल तर जरूर करा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत ही सोय आता मिळते. फक्त आधी जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, लाइन धुऊन घ्या. गाळातून फिरवलेल्या कॅमेऱ्यात अंधाराशिवाय काही दिसत नाही. व्हिडिओ स्वतःकडे मागून घ्या आणि दोष चेंबरपासून किती मीटरवर आहे ते लिहून घ्या. 'लाइन खराब आहे, सगळी बदला' एवढंच सांगणाऱ्याला विचारा: कितव्या मीटरवर, आणि काय खराब आहे? चीर, सरकलेला सांधा, मुळं, खचलेलं पोट, गळालेला तुकडा या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांवरचे उपाय वेगळे आहेत.

कॅमेरा मिळत नसेल तर जुना मार्ग आहे. दोन चेंबरमधली लाइन सरळ असते. एका टोकाला टॉर्च धरा, दुसऱ्या टोकाला आरसा तिरका धरून आत बघा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ आणि मोकळी. गोल कापलेला दिसला, चंद्रकोर झाली, तर मधे पाइप बसली आहे किंवा सरकली आहे.

आमच्याकडे फक्त पावसाळ्यात उलटं येतं. लाइन बदलली की थांबेल का?

बहुधा थांबणार नाही. बाकीचे आठ महिने लाइन नीट वाहते म्हणजे तिच्यात फारसा दोष नाही. गच्चीचं किंवा अंगणाचं पावसाचं पाणी कुणीतरी मैल्याच्या चेंबरला जोडून ठेवलेलं असतं, ते आधी शोधा. चार इंची लाइन घरातल्या वापरासाठी असते. जुलैतल्या सरीत अख्ख्या गच्चीचं पाणी तिच्यात सोडलं तर नवी पाइपही तेवढीच फुगेल. पावसाची लाइन वेगळी करणं हे काम स्वस्त आहे आणि त्याने अर्धी घरं सुटतात.

दुसरी शक्यता अशी की रस्त्यातली मुख्य लाइनच भरते आणि तुमचं घर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून रस्ते उंच झाले, घरं खाली राहिली. अशा ठिकाणी शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारी झडप बसवतात. तिचं झाकण दर पावसाळ्याआधी उघडून साफ करावं लागतं, नाहीतर तीच अडथळा बनते. महापालिकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा. भाडेकरूलाही तो द्या.

मग डागडुजी कधी पुरते आणि पूर्ण बदल कधी?

एकाच जागी दोष असेल आणि बाकीची लाइन स्वच्छ असेल, तर तेवढाच भाग काढून नवीन टाका. मात्र जुनी चिनी मातीची पाइप आणि नवी पीव्हीसी जमिनीत सिमेंटने एकमेकींना चिकटवू नका. दोघींचा बाहेरचा व्यास वेगळा असतो, सिमेंट पीव्हीसीला धरत नाही, आणि वर्षभरात तिथेच गळती सुरू होते. जोडणीच्या जागी छोटं चेंबर बांधा आणि दोन्ही पाइप त्यात सोडा. पुढे साफसफाईलाही ती जागा कामाला येते.

मुळं एका सांध्यातून आली असतील तर तो भाग बदलून भागतं. तीन-चार सांध्यांतून आली असतील तर जेटिंगने ती फक्त कापली जातात आणि छाटलेल्या कुंपणासारखी पुन्हा जोमाने येतात. तिथे पूर्ण लाइन बदला, शक्य असेल तर झाडापासून दूर वळवून. झाड तोडायच्या फंदात पडू नका. त्याला महापालिकेची परवानगी लागते, आणि लाइन वळवता येते हे लोक विसरतात.

उतार चुकला असेल तर डागडुजीने काहीच होत नाही. खचलेलं पोट कितीही धुतलं तरी पुन्हा भरतं. आणि तीन वर्षांत त्याच पंधरा-वीस मीटर लाइनवर तीन वेगळ्या ठिकाणी खणावं लागलं असेल, तर चौथ्यांदा तुकडा बदलू नका.

न खणता जुन्या पाइपच्या आत अस्तर चढवायची पद्धतही आहे. ती मोठ्या सार्वजनिक लाइनना चांगली. घरच्या चार इंची, दोन-तीन वळणांच्या लाइनसाठी करणारा माणूस सहज मिळत नाही आणि मिळाला तरी खणण्यापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. वर महागडं बांधकाम उभं असेल तर मात्र चौकशी करा.

खर्चाचा हिशेब कसा मांडायचा?

समजण्यापुरते आकडे धरू. दर वेळी लाइन मोकळी करायला ३,००० रुपये, वर्षात चार वेळा, म्हणजे १२,०००. नवी लाइन १,२०,०००. या हिशेबाने मालक म्हणतो, दहा वर्षं तरी थांबायला हरकत नाही.

यात सुटलेलं असं: घर १८,००० रुपये भाड्याचं आहे आणि वासाला कंटाळून बिऱ्हाड वर्षाकाठी सोडून जातं. नवं मिळेपर्यंत एक महिना घर रिकामं. आता वर्षाचा तोटा ३०,००० झाला आणि नवी लाइन चार वर्षांत फिटली. पायाशेजारी मुरणाऱ्या पाण्याने भिंतीला ओल आली, टाइल्स सुटल्या, तर तो खर्च आणखी वेगळा. तुमच्या घराचे खरे आकडे घालून हाच हिशेब करा, फक्त रिकामा महिना विसरू नका.

अंदाजपत्रक मागताना मीटरमागे दर एवढंच विचारू नका. खोदाई किती खोल, फरशी किंवा काँक्रीट फोडणं, नवी चेंबर किती, राडारोडा कोण उचलणार, फरशी पूर्ववत कोण करणार, हे वेगवेगळं लिहून घ्या. पाइपची किंमत एकूण खर्चात लहान असते. पैसे जातात ते खोदाईत आणि पूर्ववत करण्यात. म्हणून पाइपमध्ये काटकसर करण्यात अर्थ नाही.

गळकी लाइन जमिनीतच मुरते आहे, वर काही येत नाही. मग घाई कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात काळजीचा वाटतो. वर न येणारी गळती जास्त धोक्याची असते.

जुन्या घरांत पिण्याच्या पाण्याची लोखंडी लाइन बहुतेक वेळा सांडपाण्याच्या लाइनच्या शेजारूनच गेलेली असते, कधी तर एकाच चरातून. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी असतं तेव्हा पाइपमध्ये दाब असतो, गळकी असली तरी पाणी बाहेर जातं. पाणी गेलं की दाब संपतो, आणि कुणी नळ उघडा ठेवला किंवा थेट लाइनला पंप लावला तर पाइप आत ओढायला लागते. बाहेरच्या ओल्या मातीत मैला मुरलेला असेल तर तोच गंजलेल्या भोकातून आत जातो. टायफॉइड, गॅस्ट्रो, कावीळ, त्यातही अ आणि ई प्रकारची, हे सगळे दूषित पाण्यातून पसरणारे आजार आहेत.

पाणी सुरू होताना पहिली पाच मिनिटं गढूळ किंवा वासाचं येत असेल, एकाच वाड्यात दोन-तीन बिऱ्हाडांत कावीळ झाली असेल, तर लाइन बदलायची की नाही ही चर्चा संपली. त्या दिवसापासून पाणी उकळून प्या, नमुना प्रयोगशाळेत द्या आणि दोन्ही लाइन उघड्या करून बघा. नवीन काम करताना पाण्याची लाइन सांडपाण्याच्या लाइनपासून लांब आणि वरच्या पातळीवर घ्या. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर त्याच्याही जवळून मैल्याची लाइन नेऊ नका.

गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. भाड्याच्या घरात कोण राहतंय ते डोळ्यांसमोर आणा आणि मग 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचं की नाही ते ठरवा.

खर्च मालकाने करायचा की भाडेकरूने?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम १४ प्रमाणे, भाडेकरूशी वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरू निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ वाट पाहून, दुरुस्ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्याला मर्यादा आहे: एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही.

सध्याची बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर असतात. तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, त्यामुळे करारनाम्यात काय लिहिलं आहे याला फार महत्त्व येतं. छापील करारनाम्यांत 'किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करायची' असं एक वाक्य असतं. जमिनीखालची लाइन बदलणं किरकोळ होऊच शकत नाही. करार करतानाच लिहा: भांडी, नळ, ट्रॅप यांची सफाई राहणाऱ्याकडे, चेंबर आणि त्यापुढची लाइन मालकाकडे.

भांडण झालं म्हणून संडासाची लाइन बंद करणं किंवा मुद्दाम तुंबत ठेवणं हा मार्ग मालकाला खुला नाही. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई आहे आणि त्यात स्वच्छतेची सेवाही येते.

पागडीचं घर आहे. महिन्याला ३०० रुपये भाडं. मालक म्हणतो, मी लाख रुपये कुठून घालू?

मालकाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वर्षाचं भाडं ३,६००. त्याचा चौथा हिस्सा ९००. भाड्यातून वळतं करायचं म्हटलं तर जन्म जाईल. कायद्याने मालकाची जबाबदारी संपत नाही, पण तुमचा संडास कोर्टाच्या तारखांवर वाट बघू शकत नाही. अशा वाड्यांत मी एकच गोष्ट यशस्वी होताना पाहिली आहे: सगळे भाडेकरू आणि मालक एकत्र बसून वाटा ठरवतात, तो कागदावर लिहून सह्या करतात, आणि पैसे दिल्याने कुणाचाही हक्क वाढत किंवा कमी होत नाही हेही त्यातच लिहितात. हे शेवटचं वाक्य नसलं तर दोन्ही बाजू घाबरून मागे सरतात. मुंबई शहरातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही अर्ज करा.

चेंबरमधून भाडेकरूंचे डायपर निघाले. डिपॉझिटमधून पैसे कापू का?

त्या एका वेळच्या सफाईचे पैसे मागणं रास्त आहे, फोटो दाखवून आणि पावती देऊन. नव्या लाइनचे नाही. धडधाकट लाइनमधूनही डायपर पुढे जात नाही हे खरं, पण सरकलेल्या सांध्यात तर साधा टिश्यू पेपरही अडकतो. तिथे दोष डायपरचा किती आणि सांध्याचा किती हे आधी आत बघून ठरवा.

लाइन बदलल्यावर भाडं वाढवता येईल? कर वाचेल?

लिव्ह अँड लायसन्समध्ये पुढचा करार करताना बोलणी करा. चालू करारात मधेच नाही. आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नावर, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तुम्ही दुरुस्तीवर शून्य खर्च केलात तरी तेवढीच, लाखभर केलात तरी तेवढीच. पावत्या मात्र टाकू नका. पुढे घर विकताना हा खर्च धरता येतो का ते तुमच्या सीएला विचारा.

काम चालू असताना घरातल्या माणसांनी जायचं कुठे?

ठेकेदाराला पहिल्याच भेटीत सांगा: जुनी लाइन आधी काढायची नाही. शेजारून नवा चर घ्या, नवी पाइप आणि चेंबर पूर्ण करा, तपासा, आणि शेवटच्या दिवशी जोडणी वळवा. असं केलं तर संडास काही तासच बंद राहतो. जुनी उखडून मग नवी टाकायला घेतली की चार-पाच दिवस घरातल्या बायका-मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे हाल होतात. जागाच नसेल तर जोडणीच्या दिवसांपुरती शेजाऱ्यांकडे किंवा वरच्या मजल्यावर सोय मालकाने करून द्यावी. तारीख निदान आठवडाभर आधी कळवा, आणि रात्री उघड्या चराभोवती दिवा व अडथळा ठेवा.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत. विद्यार्थी असतील तर परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या होतात, तेव्हा उरका. जूनमध्ये काळ्या मातीत चर उघडा ठेवू नका. कडा ढासळतात आणि आत माणूस असतो. दीड मीटरपेक्षा खोल चराला कोणत्याही ऋतूत आधाराच्या फळ्या हव्यातच.

पाइप कोणती टाकावी? उतार किती?

बाहेरून भिंतीवर दिसणारी करडी एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याची प्लास्टिकची) पाइप जमिनीत टाकू नका, आणि त्यातली पातळ तर मुळीच नको. जमिनीखालच्या मैल्याच्या लाइनसाठी आयएस १५३२८ या मानकाची वेगळी यूपीव्हीसी पाइप मिळते, रंगाने विटकरी-नारिंगी. तिच्यावर एसएन ४, एसएन ८ असे ताकदीचे वर्ग छापलेले असतात. वरून गाडी जाणार असेल तर एसएन ८ घ्या, आणि पुरेशी खोली मिळत नसेल तर वरून काँक्रीट घाला. सांधे रबर रिंगचे घ्या. जमीन हलली तर ते थोडं सरकतात, फुटत नाहीत.

जुनी पाइप करड्या-पांढऱ्या ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर कोरडी ग्राइंडरने कापू देऊ नका. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओली करून, हाताने, शक्यतो अख्खी काढा.

उताराचा जुना ठोकताळा अजून चांगला आहे: चार इंचीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. बारा मीटर लांबीच्या चार इंची लाइनला तीस सेंटिमीटर उतार. खणायच्या आधी पहिल्या चेंबरपासून रस्त्यातल्या चेंबरपर्यंत पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी मोजा. एवढा उतार मिळतच नसेल तर सहा इंची घ्या. तिला बारा मीटरला वीस सेंटिमीटर पुरतात. पण घरात माणसं चार आणि पाइप सहा इंची, असं उगाच करू नका. रुंद पाइपमध्ये पाणी पातळ पसरतं आणि मैला मागे राहतो.

चराच्या तळात काळी माती असेल तर ती काढून वाळू किंवा बारीक मुरुम भरा. दगड-विटांच्या ठोकळ्यांवर पाइप टेकवून वरून माती लोटणारे पुष्कळ आहेत. ती पाइप ठोकळ्यांच्या मधे वाकते आणि पाच वर्षांत पोट धरते.

ठेकेदाराचा माणूस चेंबरमध्ये उतरून साफ करतो म्हणतो. स्वस्तात होईल.

नाही. कितीही स्वस्तात होत असेल तरी नाही. गटारात किंवा मैलाटाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं आहे. आत सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू असतो. तो थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, आणि आतला माणूस 'आता वास कमी झाला' म्हणत असतानाच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. जेटिंग आणि सक्शनची गाडी बोलवा. गाडी गल्लीत येत नसेल तर लांब पाइप जोडता येतो. भाडेकरूंनाही सांगून ठेवा की परस्पर कुणाला उतरवू नका.

काम झालं. चर बुजवण्याआधी काय तपासू?

खालचं टोक फुग्याने किंवा बुचाने बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास पातळी बघा. उतरली तर सांधा गळतो. मग पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा थोडा लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडा. तो अडखळल्याशिवाय खाली यायला हवा. टॉर्च आणि आरसा आहेच. प्रत्येक चेंबरच्या तळात अर्धगोल नाळ आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरतं गुळगुळीत प्लास्टर आहे ना ते पाहा. सपाट तळाचं चेंबर म्हणजे मैला साठायची टाकी. हे सगळं होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

रस्त्यातल्या लाइनला जोडणी असेल तर महापालिकेची परवानगी, परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खोदाईचं शुल्क हे आधीच उरका.

घर दोन महिने रिकामं होतं, आता खूप वास येतो. लाइन फुटली का?

बहुधा नाही. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठलेलं असतं आणि तेच वायू अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. प्रत्येक मोरीत, संडासात, गॅलरीतल्या जाळीत एक-एक बादली पाणी ओता, खिडक्या उघडा आणि दोन दिवस बघा. तरी वास राहिला तर मग चेंबर उघडा.

फ्लॅट भाड्याने दिला आहे. इमारतीची लाइन जुनी आहे. मी काय करू शकतो?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सामाईक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतलं तुमचं. कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. तळमजल्यावरचा फ्लॅट असेल तर जास्त लवकर द्या, कारण सगळ्या इमारतीचं तुंबलेलं पाणी पहिल्यांदा तिथेच वर येतं. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत बोलता येत नाही, म्हणून त्याच्या तक्रारीचा पाठपुरावा मालकानेच करायचा असतो.

मी दुबईत असतो, घर साताऱ्यात. काम नीट झालं हे कसं कळेल?

जवळच्या नातेवाइकाला फक्त 'लक्ष ठेव' सांगून भागत नाही. त्याला चार गोष्टी मागा: चर उघडा असताना प्रत्येक सांध्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाइपवर छापलेल्या मानकाचा फोटो, पाणी भरून केलेल्या तपासणीचा व्हिडिओ, आणि लाइनचा हाताने काढलेला नकाशा. नकाशात प्रत्येक चेंबर घराच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर, किती खोल, कोणता फाटा कुठे मिळतो, हे असावं. त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि एक भाडेकरूला द्या, करारनाम्याला जोडून. पुढच्या वेळी रात्री अकराला तुंबलं तर त्याला तुमच्या फोनची वाट न पाहता कोणतं झाकण उघडायचं ते कळेल.